कर्जाचा हिशेब मागणारा सनदी लेखापाल

राज्यकर्त्यांनी युद्धासाठी काढलेले कर्ज प्रजेने फेडावे काय, हा प्रश्न जे. सी. कुमारप्पा यांनी जमाखर्चाच्या वह्या उघडूनच सोडवायला घेतला. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे जन्मलेले कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकले आणि मुंबईत व्यवसायात स्थिरावले. तेव्हा त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस होते आणि राहणी पूर्णपणे साहेबी.

पुढे अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिगमन यांच्या हाताखाली भारताच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करताना त्यांची दृष्टी पालटली. ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गांधीजींची भेट झाली. त्यानंतर सुटाबुटाची जागा खादीने घेतली.

१९२२ च्या गया अधिवेशनात काँग्रेसने यापुढील सरकारी कर्जे मान्य न करण्याचा ठराव केला होता. मागील कर्जांचे काय, हा पेच उरलाच होता. १९३१ च्या कराची अधिवेशनानंतर त्यासाठी समिती नेमण्यात आली. बहादुरजी, भुलाभाई देसाई व के. टी. शहा हे सदस्य, तर कुमारप्पा निमंत्रक होते. समितीने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचा हिशेब तपासला. अफगाणिस्तान व ब्रह्मदेशातील लढायांचा खर्च भारताच्या माथी होता. १८५७ चा उठाव मोडण्याचा सुमारे ४ कोटी पौंडांचा बोजाही त्याच जनतेवर पडला होता. ज्यांना चिरडले, त्यांच्याकडूनच चिरडण्याची मजुरी वसूल झाली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कंपनीच्या भागधारकांचा लाभांशदेखील १८५८ च्या कायद्याने भारताच्या महसुलावर टाकण्यात आला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली दिलेली १० कोटी पौंडांची 'देणगी' तर देणाऱ्याला न विचारताच दिली गेली.

येथे कुमारप्पांमधील लेखापाल राजकारण्यावर मात करतो. सरसकट सारे देणे झुगारून द्यावे, अशी अहवालाची भूमिका नव्हती. ज्या खर्चाचा लाभ भारताला झाला तो भारताचा, साम्राज्यासाठीचा खर्च ब्रिटनचा, ही त्यातील विभागणी. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत गांधीजींनी या देण्यांच्या निःपक्ष तपासणीची मागणी लावून धरली. ब्रिटनने ती मानली नाही.

दुसऱ्या महायुद्धात चक्र उलटे फिरले आणि ब्रिटन भारताचा ऋणको झाला. मात्र त्या उधारीपायी येथे नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम पाहणाऱ्या कुमारप्पांनी या चलनवाढीवरही पुस्तिका लिहिली. गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ३० जानेवारी १९६० रोजी, त्यांचे निधन झाले.