चित्रकार राजपुत्र

इ. स. १८६५ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस स्वीडन देशातील ड्रॉटनिंगहोल्म राजवाड्यात यूजेन यांचा जन्म झाला. पुढे स्वीडन व नॉर्वे या दोन्ही देशांच्या गादीवर आलेले राजे दुसरे ऑस्कर हे त्यांचे वडील. चार भावांत यूजेन सर्वांत धाकटे.

राजघराण्याच्या रीतीप्रमाणे त्यांना लष्करी शिक्षण मिळाले. परंतु त्यांचे मन तलवारीपेक्षा कुंचल्यातच अधिक रमे. राजपुत्राने विरंगुळा म्हणून चित्रे काढावीत, यात कोणास वावगे वाटत नसे. चित्रकलेलाच आयुष्य वाहावे, ही गोष्ट मात्र त्या काळी नवलाची होती. आईवडिलांनाही हा निर्णय सोपा वाटला नाही. अखेर त्यांची संमती मिळाली आणि इ. स. १८८७ साली यूजेन पॅरिसला गेले. तेथे दोन वर्षे त्यांनी नामांकित चित्रकारांच्या हाताखाली शिक्षण घेतले.

राजपुत्राच्या चित्राची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. त्यातील खरी स्तुती कोणती, हे ओळखणे कठीण असते. यूजेन यांनी यावर एकच उपाय केला. तो म्हणजे अखंड परिश्रम. स्वदेशी परतल्यावर दाट अरण्ये, शांत जलाशय आणि उत्तरेकडील उन्हाळ्यातील रात्रींचा मंद प्रकाश हे त्यांच्या चित्रांचे विषय झाले. ‘ढग’ या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात गर्द झाडीकडे जाणारी एक पाऊलवाट आणि तिच्यावर आकाशात उभा राहिलेला विशाल शुभ्र मेघ, एवढेच दिसते. तथापि पाहणाऱ्याची दृष्टी तेथे खिळून राहते. इ. स. १९२३ साली खुल्या झालेल्या स्टॉकहोमच्या नगरभवनातील एका लांब दालनाच्या भिंतीवर त्यांनी ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र रंगविले. दालनाच्या एका बाजूस खिडक्यांतून खरे सरोवर दिसते, तर समोरच्या भिंतीवर यूजेन यांनी रंगविलेले जळ व किनारे दिसतात.

ते अविवाहित राहिले. स्टॉकहोममधील वाल्डेमार्सउड्डे येथे पाण्याकाठी त्यांनी घर बांधले आणि तेथे केवळ स्वतःचीच नव्हे, तर समकालीन चित्रकारांचीही चित्रे विकत घेऊन मोठा संग्रह केला. कलावंतांच्या कष्टांचे मोल त्यांना स्वानुभवाने कळले होते.

इ. स. १९४५ साली त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने त्यांचे थोरले बंधू राजे पाचवे गुस्ताव्ह यांनी यूजेन यांच्या नावाने एक पदक सुरू केले. दृश्यकलेत असामान्य कामगिरी करणाऱ्यांना स्वीडनच्या राजाकडून हे पदक दिले जाते. ते मिळविण्यासाठी राजकुळात जन्म घ्यावा लागत नाही. कलेची साधना मात्र करावी लागते.

१७ ऑगस्ट १९४७ रोजी यूजेन यांचे निधन झाले. आपले घर आणि सारा चित्रसंग्रह त्यांनी मृत्युपत्राने राष्ट्रास अर्पण केला होता. पुढच्याच वर्षी ते घर लोकांसाठी खुले झाले. जेथे एक राजपुत्र एकाग्रतेने चित्रे रंगवीत असे, तेथे आता कोणीही जाऊन ती चित्रे पाहू शकतो.