मलिक अंबर व त्यांची नहर

मलिक अंबर हे निजामशाहीचे थोर वजीर होऊन गेले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात शहाजीराजांच्या धड्यात त्यांचं नाव येतं, पण थोडंच. म्हणून मी गुरुजींना विचारून ही माहिती लिहिली आहे.

त्यांचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात झाला. त्यांचं लहानपणीचं नाव चापू. लहान असतानाच त्यांना गुलाम म्हणून विकलं. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा विकलं. बाजारात बैल विकतात तसं तेव्हा माणसाचं पोर विकायचे! बगदादच्या एका व्यापाऱ्यानं मात्र त्यांना लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवलं. नंतर ते दख्खनला आले. निजामशाहीचे पेशवे चंगीझखान यांनी त्यांना विकत घेतलं. चंगीझखान वारल्यावर त्यांची गुलामगिरी सुटली. पण आपल्या देशात ते परत कधीच गेले नाहीत.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. तेव्हा मलिक अंबर यांनी निजामशाहीचा नवा राजा गादीवर बसवला व स्वतः कारभार पाहिला. ते गनिमी काव्यानं लढत. जहांगीर बादशहाला ते काही केल्या सापडेनात. मग बादशहानं एक चित्र काढून घेतलं. त्यात तो मलिक अंबरांच्या डोक्यावर बाण मारतो आहे. नुसत्या चित्रातच! १६२४ साली भातवडीला त्यांनी मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना हरवलं. शहाजीराजे त्यांच्या बाजूनं लढले.

पण मला त्यांच्या लढायांपेक्षा त्यांची नहर जास्त आवडते. १६१० साली त्यांनी खडकी गाव मोठं करून तिथं राजधानी केली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. माणसं वाढली, पाणी पुरेना. म्हणून त्यांनी जमिनीखालून नहर बांधायचं ठरवलं. लोक त्यांना हसले असं सांगतात. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथं मुरलेलं पाणी त्यांनी जमिनीखालच्या दगडचुन्याच्या नहरीत घेतलं. नहरीला बेताचा उतार दिला. त्यामुळं पंप नाही, मोट नाही, पाणी आपोआप शहरात यायचं. पुढं खापराच्या नळांनी ते हौदांत जायचं. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा आई दोन हंड्यांसाठी उन्हात उभी असते. चारशे वर्षांपूर्वी खडकीच्या बायकांचा तो त्रास वाचला असेल.

दिवाळीच्या सुट्टीत मामानं मला हर्सूलकडं नेऊन नहर दाखवली. वरून नहर दिसतच नाही. आत उतरून गाळ काढता यावा म्हणून मध्ये मध्ये लहान आडासारखी तोंडं ठेवली आहेत. एक तोंड सापडलं की पुढचं हुडकायचं, म्हणजे नहर कुठून गेली ते कळतं. आम्ही काट्याकुट्यातून हिंडलो. काही तोंडं मातीनं बुजली आहेत. एकात तर कचरा टाकला होता, त्याचा मला फार राग आला.

मलिक अंबर १६२६ साली वारले. त्यांची कबर खुलताबादला आहे. ती मी अजून पाहिली नाही. नहरीच्या एका तोंडात मात्र मी खडा टाकून पाहिला. मामा गप्प उभा होता. खालून डुबुक असा आवाज आला.