भिंतीपलीकडची घंटा

दिवाणखान्यातील फळीवर शिसवी लाकडाचा एक हत्ती ठेवलेला आहे. त्याच्या पाठीवर कोरीव झूल आहे, सोंडेवर बारीक नक्षी आहे. घरी आलेल्या पाहुण्यास ती केवळ एक शोभेची वस्तू वाटते. परंतु घरातील मुलाने हत्तीच्या अंबारीवर बोट दाबताच समोरच्या भिंतीवरील दिवा लागतो. हत्तीपासून दिव्यापर्यंत तार नाही की दोरी नाही. मग हत्तीची आज्ञा दिव्याला कळली कशी? पाहुणा चकित होऊन हत्तीकडे पाहत राहतो.

आज अशी गंमत एखाद्या हौशी मुलासही घरी करता येते. हत्तीच्या पोकळ पोटात एक चिमुकला प्रेषक आणि नाण्याएवढा विद्युत्घट दडविलेला असतो. दिव्याजवळ एक ग्राहक बसविलेला असतो. परंतु तारेवाचून दूरच्या यंत्राला जागे करता येते, ही गोष्ट आपल्या देशात लोकांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करून दाखविणारा पहिला पुरुष सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्या काळी आपल्याकडील घराघरांतून तेलाचे दिवे तेवत होते. त्या थोर शास्त्रज्ञाचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी बंगालमध्ये झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी न्यायाधिकारी होते. त्या वेळी मोठ्या हुद्द्यावरील लोक आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यात भूषण मानीत. भगवानचंद्रांचे मत निराळे होते. मुलाने प्रथम आपली मातृभाषा शिकावी आणि आपली माणसे ओळखावीत, या हेतूने त्यांनी त्याला गावातील बंगाली पाठशाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या पट्टेवाल्याचा मुलगा हे त्याचे सोबती होते. पाण्यातील जीव, रानातील पाखरे आणि झाडे यांच्या गोष्टी तो त्यांच्याकडून तन्मयतेने ऐके. त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोहोचविणारा नोकर तर पूर्वीचा दरोडेखोर होता! भगवानचंद्रांनीच त्याला पूर्वी शिक्षा ठोठावली होती आणि तो सुटून आल्यावर त्यांनीच त्याला आपल्या घरी काम दिले होते. माणसाची किंमत त्याच्या जातीवरून वा भूतकाळावरून ठरवू नये, हा धडा जगदीशचंद्रांना असा घरातच मिळाला.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर लाफाँ या अध्यापकांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. 1880 साली ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. परंतु प्रकृती साथ देईना, तेव्हा तो अभ्यास सोडून ते केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांनी विज्ञानाचे शिक्षण पूर्ण केले. 1885 साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

येथे त्यांच्या स्वाभिमानाची कसोटी लागली. इंग्रज सरकारच्या नियमाप्रमाणे भारतीय प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी होती, म्हणून त्यांच्या पदरी त्याचेही निम्मेच पडणार होते. काम तेच आणि विद्याही तीच, मग वेतन एक-तृतीयांश का? त्यांनी वर्गावर जाणे सोडले नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त वेतन घेण्याचे नाकारले. वडील कर्जात बुडालेले होते, नुकताच विवाह होऊन अबलादेवी घरी आल्या होत्या, तरीही तीन वर्षे त्यांनी एक पैही न घेता मन लावून शिकविले. अखेर सरकार नमले. त्यांना पूर्ण वेतन तर मिळालेच, शिवाय मागील तीन वर्षांची रक्कमही एकदम मिळाली. त्या पैशातून त्यांनी वडिलांच्या कर्जाची फेड केली.

1894 सालच्या नोव्हेंबरात, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, उरलेले आयुष्य नव्या ज्ञानाच्या शोधात वेचावयाचे असा त्यांनी निश्चय केला. परंतु कॉलेजात प्रयोगशाळा कोठे होती? स्नानगृहालगतची जेमतेम 24 चौरस फुटांची एक खोली त्यांनी मागून घेतली. एका साध्या कारागिरास हाताशी धरून त्यांनी आपली उपकरणे स्वतःच्या देखरेखीखाली घडवून घेतली आणि त्यांचा खर्चही स्वतःच सोसला.

त्यांनी निवडलेला विषय होता अदृश्य विद्युत्लहरींचा. जर्मन शास्त्रज्ञ हेन्‍रिक हर्ट्‌झ यांनी 1888 च्या सुमारास दाखवून दिले होते, की विजेची ठिणगी उडाली म्हणजे तिच्यापासून अवकाशात लहरी पसरतात. तळ्यात खडा टाकला असता पाण्यावर वलये उमटतात, तशाच या लहरी. मात्र त्या डोळ्यांना दिसत नाहीत. हर्ट्‌झ यांच्या लहरी हात-दीड हात किंवा त्याहूनही लांब होत्या. त्यांच्याशी प्रयोग करण्यास मोठमोठी उपकरणे लागत. जगदीशचंद्रांनी विचार केला, की लहर आखूड केली तर उपकरणही लहान होईल. प्रयत्नांती त्यांनी अवघ्या 5 मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यामुळे त्यांची सारी यंत्रसामग्री एका मेजावर मावू लागली.

लहर पाठविणे जितके अवघड, तितकेच ती पकडणेही अवघड होते. इतर शास्त्रज्ञ त्यासाठी धातूचा कीस भरलेली काचनळी वापरीत. बोस यांनी किसाऐवजी पोलादाच्या नाजूक स्प्रिंगा एकमेकींना लागून बसविल्या आणि आपल्या दमट हवेत त्या गंजू नयेत म्हणून त्यांवर कोबाल्ट धातूचा मुलामा दिला. एरवी या स्प्रिंगांमधून वीज सहजी वाहत नसे. परंतु लहर येऊन आदळताच त्यांचा विरोध एकाएकी कमी होई आणि विजेची वाट मोकळी होई.

1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये या उपकरणांचा जाहीर प्रयोग झाला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर अध्यक्षस्थानी होते. एका दालनात लहरी उत्पन्न करणारे यंत्र होते. तेथून 75 फूट अंतरावरील तिसऱ्या खोलीत ग्राहक ठेवला होता. दोहोंच्या मध्ये भिंती होत्या आणि खुद्द अध्यक्षमहाशयांचा धिप्पाड देहही होता! जगदीशचंद्रांनी यंत्र सुरू केले. तत्क्षणी पलीकडच्या खोलीत घंटा घणघणली, पिस्तुलाचा बार उडाला आणि दारूचा एक लहानसा सुरुंग फुटला. मध्ये तार नव्हती. सभा आश्चर्याने थक्क झाली.

यातील मर्म नीट समजून घेतले पाहिजे. घंटा वाजविण्याचे किंवा सुरुंग उडविण्याचे बळ त्या लहरीत नव्हते. भिंती ओलांडून आलेली लहर अत्यंत क्षीण होती. बळ होते ते पलीकडच्या खोलीत आधीच साठवून ठेवलेल्या विजेत आणि दारूत. लहरीने फक्त कळ दाबली. धरणाचे दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगी पुराचे सामर्थ्य नसते; तो केवळ वाट मोकळी करून देतो, तसेच हे होय.

आपल्या लाकडी हत्तीची करामतही हीच आहे. अंबारीवर बोट दाबले की त्याच्या पोटातील प्रेषक एक दुबळी लहर सोडतो. दिव्याजवळील ग्राहक ती ओळखतो आणि विजेची वाट जोडून देतो. दिवा पेटतो तो घरातील विजेवर, हत्तीतील घटावर नव्हे. म्हणूनच नाण्याएवढा घटही दीर्घकाळ पुरतो. प्रत्येक प्रेषक लहरीबरोबर आपला ठरावीक सांकेतिक क्रमांक पाठवितो, त्यामुळे आपल्या हत्तीने शेजाऱ्याचा दिवा लागत नाही. मात्र ग्राहकाच्या बाजूस घरातील जिवंत वीज असते. तेथील जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी.

कोणत्या वस्तूत प्रेषक लपवावा आणि कोणत्या वस्तूत लपवू नये, याचे उत्तरही बोस यांच्या प्रयोगांतून मिळते. त्यांनी नाना पदार्थ लहरींच्या वाटेत ठेवून पाहिले. विटा आणि डांबर यांतून प्रकाश जात नाही, पण त्यांच्या लहरी पार जात. उलट स्वच्छ पाण्यातून प्रकाश जातो, पण या लहरी तेथे अडत. धातूचा पत्रा तर त्यांना आरशासारखा परतवून लावी. आजच्या या साधनांतील लहरी बहुधा अर्ध्या वितीपासून दीड हातापर्यंत लांब असतात. त्याही सुक्या लाकडातून, मातीच्या भाजलेल्या चित्रातून किंवा कापडातून सहज बाहेर पडतात. परंतु तोच प्रेषक चांदीची नक्षी असलेल्या बिदरीच्या डब्यात ठेवून झाकण लावले, तर धातूच्या भिंती लहरीला आतच कोंडतील आणि दिवा बहुधा हूं की चूं करणार नाही.

घरातील साध्या वस्तूंकडे पाहण्याची जगदीशचंद्रांची दृष्टीच विलक्षण होती. त्यांनी तागाचे पिळलेले पेड घेतले, केसांची बट घेतली आणि त्यांचा लहरींवर काय परिणाम होतो ते तपासले. एकदा त्यांनी आगगाड्यांचे वेळापत्रक छापलेले जाड पुस्तक घेतले आणि त्याच्या पानापानांमध्ये कथलाचा पातळ वर्ख घातला. ते पुस्तक एका दिशेने धरले की लहर त्यातून पार जाई. तेच वळवून आडवे धरले की लहर अडे. प्रवाशाच्या हातातील पुस्तक अदृश्य लहरींचे दार बनले! महागडी उपकरणे नाहीत म्हणून हात जोडून बसणाऱ्यांपैकी ते नव्हते.

29 जानेवारी 1897 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. तेथील नामांकित शास्त्रज्ञांनी त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. 1899 साली त्यांनी लोखंड आणि पारा यांचा वापर केलेला नवा ग्राहक रॉयल सोसायटीपुढे मांडला. बिनतारी संदेशवहन हे कोणा एकाचे कार्य नव्हे. अनेक देशांतील अनेक शास्त्रज्ञांनी ते पुढे नेले. इटलीच्या मार्कोनीने त्याला व्यवहारात आणले आणि डिसेंबर 1901 मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून संदेश ग्रहण केला. त्या प्रसंगी वापरलेला ग्राहक बोस यांनी वर्णिलेल्या ग्राहकाच्याच जातीचा होता, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

मग बोस यांनी आपल्या शोधावर हक्क का सांगितला नाही? तशी संधी त्यांच्या दारी चालून आली होती. 1901 साली लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या धनाढ्य मालकाने त्यांना आर्जवाने सुचविले, की ग्राहकाची रचना जाहीर करू नका, एकस्व घ्या, नफा वाटून घेऊ. जगदीशचंद्रांनी नकार दिला. ज्ञान हे सर्वांचे आहे, त्याचा बाजार मांडणे ऋषींच्या देशातील आचार्याला शोभत नाही, अशी त्यांची धारणा होती. स्नेह्यांच्या आग्रहास्तव त्यांच्या नावे अमेरिकेत एक एकस्व 1904 साली नोंदले गेले. पण त्याचा त्यांनी कधीच लाभ घेतला नाही आणि ते तसेच संपू दिले. वेतनाचा प्रश्न आला तेव्हा हेच गृहस्थ तीन वर्षे अडून बसले होते, हे विसरता कामा नये. पैशाचा त्यांना तिटकारा नव्हता. आपल्या श्रमांचा न्याय्य मोबदला ते सोडणार नव्हते. परंतु सृष्टीच्या नियमांना कुलूप लावून त्यांची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

पुढे त्यांचे लक्ष वनस्पतींकडे वळले. लहरीचा आघात होताच धातू प्रतिसाद देतो, मग झाडाला आघात कळत नसेल काय, या प्रश्नाने त्यांना पछाडले. झाडाची सूक्ष्म वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखविणारे यंत्र त्यांनी तयार केले. त्यांच्या काही निष्कर्षांवर वाद झाले, तरी त्यांनी प्रयोग थांबविले नाहीत. 1920 साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांशीही जगदीशचंद्रांचा ऋणानुबंध आहे. 1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या विदुषी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होत्या. त्या कामात मदत करण्यासाठी नंदलाल बोस हे तरुण चित्रकार बंगालहून येऊन राहिले होते. त्याच सुमारास भगिनी निवेदितांसमवेत जगदीशचंद्र आणि अबलादेवी ही लेणी पाहावयास आली. हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि प्रवास कष्टाचा होता. डोंगर कोरून काढलेल्या त्या अंधाऱ्या दालनांत अनाम कलावंतांनी आपले सर्वस्व ओतले, पण चित्राखाली आपली मालकी नोंदविली नाही, हे पाहून ज्ञानाचा विक्रय नाकारणाऱ्या या शास्त्रज्ञाला ती माणसे आपल्याच कुळातील वाटली असली तर नवल नाही.

30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यात स्वतःच्या पैशाने आणि लोकांच्या देणग्यांतून बोस विज्ञान मंदिराची स्थापना केली. त्याची सजावट करण्यासाठी त्यांनी अजिंठ्यात तयार झालेल्या नंदलालांनाच बोलाविले. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले वज्र हे संस्थेचे चिन्ह ठरले. तेथे लागणारे शोध सर्वांसाठी खुले राहावेत आणि त्यांवर एकस्व घेतले जाऊ नये, असा त्यांनी दंडक घातला.

23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे आचार्यांचे देहावसान झाले. त्यांच्या त्या 5 मिलिमीटरच्या लहरींचे महत्त्व जगाला पुष्कळ उशिरा कळले. आजच्या अतिवेगवान दळणवळणाच्या साधनांसाठी शास्त्रज्ञ अशाच मिलिमीटर लांबीच्या लहरींचा उपयोग करीत आहेत. 2012 साली विद्युत् अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या या कार्याची ऐतिहासिक टप्पा म्हणून नोंद केली. टाऊन हॉलमधील घंटेचा नाद त्या दिवशी काही क्षणांतच विरून गेला. परंतु 24 चौरस फुटांच्या खोलीत त्यांनी जे शोधले आणि कुलूप न लावता सर्वांपुढे ठेवले, ते आजही भिंती ओलांडून घराघरांत पोहोचत आहे.