डोळस दाता : जमशेटजी टाटा

दात्याचे अंतःकरण उदार असावे लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याची दृष्टीही दूरवर पोहोचणारी असावी लागते, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या ठायी हे दोन्ही गुण एकत्र नांदत होते.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे एका पारशी धर्मोपाध्यायांच्या कुळात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते व्यापारात शिरले. १८७७ मध्ये नागपुरास त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. संपत्ती आली, तशी ती सत्कारणी कशी लावावी याची चिंताही आली. भुकेल्यास अन्न देणे हे पुण्यकर्म खरेच. पण बुद्धिमान तरुणांस उच्च शिक्षण मिळाले, तर ते अनेकांस आधार देतील, असे त्यांच्या मनाने घेतले.

१८९२ मध्ये त्यांनी परदेशी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी एक निधी स्थापन केला. त्यातून मिळणारी रक्कम कर्जाऊ असे. विद्यार्थी मिळवता झाला की त्याने ती फेडावी आणि तोच पैसा पुढच्याच्या कामी यावा, अशी योजना होती. त्यामुळे घेणाऱ्याचा स्वाभिमान राहिला आणि निधीही आटला नाही. आरंभी पारशांपुरता असलेला हा निधी लवकरच सर्व भारतीयांस खुला झाला. केरळातील एका गरीब घरचे के. आर. नारायणन त्याच्याच साहाय्याने लंडनला शिकले व १९९७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले.

१८९८ मध्ये जमशेटजींनी विज्ञानसंशोधनाच्या विद्यापीठासाठी आपली सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. एवढे विद्यार्थी मिळतील काय आणि शिकल्यावर त्यांना कामे कोण देईल, अशी शंका व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी घेतली. वर्षांमागून वर्षे गेली, तरी जमशेटजींनी आपला शब्द मागे घेतला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्या संस्थेची एक वीटही रचली गेली नव्हती. पुत्रांनी पित्याचा संकल्प तडीस नेला, म्हैसूर संस्थानाने भूमी दिली आणि १९११ मध्ये बंगळूर येथे अध्यापन सुरू झाले. पुढे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच संस्थेचे संचालकपद भूषविले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापाशी लाखो रुपये नसतील. तथापि एक रुपया देतानाही त्याने कोणाचे, किती आणि किती काळ भले होईल, एवढा विचार आपण खचितच करू शकतो. ज्याची फळे आपल्या दृष्टीस पडणार नाहीत, असे झाड लावण्यास जमशेटजी कचरले नाहीत, हे आपण सदैव स्मरणात ठेवावे.