फाळक्यांचा वाटाणा आणि माझं अस्वल: गेमसाठी ॲनिमेशन सॉफ्टवेअर निवडताना

मी सध्या सेमाडोहला आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट ओलांडला की सिपना नदीकाठी हे गाव लागतं. चारही बाजूंनी मेळघाटचं जंगल, आणि इंटरनेट म्हणजे टेकडीवर चढून मोबाइल धरलेला हात वर करणं. गेल्या पावसाळ्यात इथेच एक छोटा गेम बनवायला घेतला. एक अस्वल मोहाची फुलं वेचत फिरतं, बस एवढाच. धाकट्या भावाला दिवाळीत खेळायला देईन असं सांगून ठेवलं होतं.

अस्वल चालवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, याच्या तुलना बघण्यात दोन महिने गेले. शेवटी वैतागून एका सॉफ्टवेअरची वर्गणी भरली. ते दर काही दिवसांनी लायसन्स तपासायला नेट मागायचं, आणि नेट तर टेकडीवर! पैसे गेले, दिवाळी गेली, अस्वल एक पाऊल चाललं नाही. भाऊ काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

त्या दिवसांत दादासाहेब फाळक्यांचं आयुष्य नीट वाचून काढलं. शाळेत त्यांच्यावर दोन ओळी असतात: भारतीय सिनेमाचे जनक, राजा हरिश्चंद्र, १९१३. पण त्याच्या आधीची दोन वर्षं तुमच्या-माझ्यासारख्या हौशी गेमवाल्यानं वाचायलाच पाहिजेत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. त्यानंतरचा त्यांचा बायोडेटा बघितला तर आजकालच्या पोरांनाही दम लागेल. गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम, मधेच जादूचे प्रयोग, मग स्वतःचा छापखाना. १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र समजून घ्यायला थेट जर्मनी. मग भागीदारांशी पटलं नाही आणि छापखाना सुटला. वय चाळिशीच्या पुढे, हाताला काम नाही.

१९११ मध्ये गिरगावातल्या एका थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म पाहिली. आपल्या देवादिकांची अशी फिल्म का नको, हे डोक्यात बसलं ते बसलंच. रोज संध्याकाळी सिनेमे बघायचे, घरी येऊन प्रयोग करायचे. इतके की डोळे गेल्यातच जमा झाले. डॉक्टरांच्या उपचारानं आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. (रात्री दोन वाजता अंधारात मोबाइलवर ट्युटोरियल बघणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी.)

मग विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले. त्यानं आधी या धंद्यात पडू नका असंच सुचवलं. हे ऐकत नाहीत असं दिसल्यावर त्यानंच त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेलं. हेपवर्थनं स्टुडिओ दाखवला, काम कसं चालतं ते बघू दिलं. फाळक्यांनी सल्ला घेऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि १ एप्रिलला परत आले. सगळं मिळून दोन महिने. माझेही दोन महिनेच गेले होते, फक्त तुलना बघण्यात.

आता वाटाण्याची गोष्ट. कॅमेरा हातात आल्यावर फाळके लगेच हरिश्चंद्राच्या मागे लागले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोड्या थोड्या फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर बीला कोंब फुटतो आणि बघता बघता त्याचा वेल होतो. फिल्म इवलीशी, पण तिच्यासाठी भोकं पाडणं, शूटिंग, धुणं, प्रिंट काढणं, पडद्यावर दाखवणं ही सगळी साखळी एकदा पूर्ण फिरली. भोकं पाडण्यासारखं अंधारातलं किचकट काम पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. हा वाटाणा बघूनच पैसे द्यायला लोक तयार झाले. आजच्या भाषेत डेमो, पण खऱ्या हत्यारांनी केलेला.

मीही मग गेम बाजूला ठेवला आणि अस्वलाचं फक्त चालणं घेतलं. आठ चित्रं. अट एकच: चित्र काढण्यापासून ते माझ्या मोबाइलवर गेममध्ये अस्वल चालेपर्यंत सगळं व्हायला पाहिजे, नेट बंद ठेवून, माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. या चाळणीतून बरीच मोठी नावं पहिल्याच दिवशी गळाली. ब्लेंडर फुकट आहे, जबरदस्त आहे, पण त्याच्या नव्या आवृत्त्या निदान ८ जीबी रॅम मागतात. मिक्सामो पात्राला आपोआप सांगाडा बसवतं, पण ते चालतं ब्राउझरमध्ये आणि त्याला लागतं दोन पायांचं माणसासारखं पात्र. माझं अस्वल चार पायांवर चालतं. स्पाइन गेमवाल्यांचं लाडकं आहे, पण त्याच्या ट्रायलमध्ये फाइल सेव्ह किंवा एक्सपोर्ट होत नाही, म्हणजे वाटाणा कुंडीतच राहणार. उरले क्रिता, लिब्रस्प्राइट आणि पिक्सेलोरामा, तिन्ही फुकट. अस्वल पिक्सेलचं, म्हणून लिब्रस्प्राइट घेतलं. आठ फ्रेम एका पट्टीत एक्सपोर्ट केल्या आणि गोडो इंजिनमध्ये टाकल्या. तिसऱ्या दिवशी अस्वल चाललं, जरा लंगडत.

फाळक्यांचा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. पण फ्रेम फ्रेम जुळवून निर्जीव वस्तू हलवायचा नाद काही सुटला नाही. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्यांची मौज केली, काड्यापेटीतल्या काड्यांचं ॲनिमेशन. ती फिल्म टिकली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हे तंत्र तुम्ही आज मोबाइल आणि पुस्तकांच्या चळतीवर करू शकता. दर काडीला नवी जागा, दर जागेला एक फोटो.

१९१७ च्या लंका दहनमध्ये अण्णा साळुंके या एकाच नटानं रामही केला आणि सीताही. मला हे वाचून गेममधल्या सांगाड्याच्या ॲनिमेशनची आठवण झाली: हाडं एकदाच बसवायची, वरचे कपडे-चेहरा बदलून दुसरं पात्र उभं करायचं. तुमच्या गेममध्ये दहा शत्रू असतील आणि सगळे सारखेच चालत असतील, तर माझ्यासारखी फ्रेम फ्रेम काढत बसू नका. गोडोमध्ये टू-डी सांगाड्याची सोय आहे, तीच वापरून बघा.

पुढचा भाग मात्र कठीण आहे. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली, तिथेही भागीदारांशी खटके उडाले, ते सोडून गेले, परत आले. मग १९३१ मध्ये आलम आरा आला आणि पडदा बोलायला लागला. फाळक्यांचा सेतुबंधन मूक म्हणून तयार झाला होता, त्याला नंतर आवाज चिकटवावा लागला. एकच बोलपट त्यांनी केला, १९३७ चा गंगावतरण. ज्या माणसानं आयुष्यभर दर थोड्या वर्षांनी नवं हत्यार आपलंसं केलं, त्याला हे एक हत्यार उशिरा मिळालं, साठी उलटल्यावर. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

माझ्या अस्वलाचा डावा पुढचा पाय अजून जमिनीवर घसरतो. पाचव्या आणि सहाव्या फ्रेममध्ये काहीतरी गडबड आहे. भावाला दाखवलं तर तो म्हणाला की मोहाची फुलं वेचताना अस्वल तोंड खाली घालतं, तुझं वर बघतंय. बरोबर आहे त्याचं. आज रात्री मान दुरुस्त करतो आणि परवा परतवाड्याला उतरलो की फाइल अपलोड करतो.