शत्रू कोण, हे ओळखताना... वीर बाबूराव शेडमाके यांची कहाणी

राजुरा (प्रतिनिधी) : चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूराव शेडमाके यांना फाशी दिलं, तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २५. जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरी भागातल्या किष्टापूरचा. वडील पुल्लेसूरबापू मोलमपल्लीचे जमीनदार.

१८५३ मध्ये नागपूरचे रघूजी भोसले वारले. गादीला मुलगा नाही म्हणून इंग्रजांनी राज्यच गिळलं, त्यात चांदाही गेला. राजुरा मात्र तेव्हा निजामाकडे होता. पुढं बाबूरावांनी गोंड, माडिया आणि रोहिले मिळून सुमारे ५०० जणांचं जंगोम दल उभं केलं. ७ मार्च १८५८ ला राजगड घेतलं. आता डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला वाट पाहायचं कारणच उरलं नाही. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला दोघांची गाठ पडली.

नंतर बाबूरावांनी गढीसुर्ल्याच्या डोंगरावर मोर्चा धरला. फौज चढू लागली तसे वरून दगड लोटले, असं आजही सांगतात. इथं वाद नाही. बंदूक घेऊन डोंगर चढणारा शिपाई कशाला येतो, हे त्याला विचारायला लागत नाही. तो येऊन भिडायची वाट पाहणारा मरतो.

पण २९ एप्रिलची गोष्ट वेगळी. प्राणहिता काठच्या चिंचगुंडीला तारखात्याचा तळ होता. त्यावर हल्ला झाला, गार्टलँड आणि हॉल मारले गेले. हे दोघं तारखात्याचे माणसं, पलटणीतले शिपाई नव्हते. त्यांच्यापासून धोका होता का? होता, पण त्यांच्या हातात नाही, त्यांच्या तारेत. घोडेस्वाराला जी खबर पोचवायला दिवस लागत, ती तारेवर लगेच जाई अन् मागून फौज येई. म्हणून तार तोडणं समजतं. माणसं मारणं तितकं सरळ नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनंतर तर जो लढाईत भाग घेत नाही त्याला मारता येत नाही, असा जगाचा नियम आहे. १८५८ मध्ये असा करार नव्हता, इंग्रजही बंडवाल्यांची गावं पाहून सोडत नव्हते.

तिसरा, पीटर, निसटला आणि थेट क्रिक्टनकडे पोचला. क्रिक्टननं मग जंगलात शोधत बसण्यापेक्षा अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब टाकला. इंग्रजाचा हेतू बाबूरावांना दुरून कळायचा, आपल्याच मुलखातल्या माणसाचा कळला नाही. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी सप्टेंबरमध्ये त्यांना धरलं आणि चांद्याला दिलं. महिन्याभरात फाशी.

साथीदार व्यंकटराव, आरपल्ली-घोटचे जमीनदार, बस्तरला पळाले. १८६० मध्ये तेही धरले गेले, त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या जमीनदारीची ६७ गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

पिंपळ अजून तुरुंगाच्या आवारात आहे. दर २१ ऑक्टोबरला लोक तिथं माथा टेकायला जातात.