ताकदीपेक्षा तोल मोठा : कॉलिन चॅपमन

भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅको या चिमुकल्या संस्थानात १४ मे १९६१ रोजी ग्रां प्री मोटार शर्यत झाली. फेरारीच्या तीन नव्या गाड्या त्या दिवशी सर्वांत ताकदवान होत्या. त्यांच्यासमोर स्टर्लिंग मॉस हे ब्रिटिश चालक आदल्या वर्षीच्या नमुन्याची लोटस घेऊन उतरले. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद फेरारीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा किमान तीसेक अश्वशक्तीने कमी होती. शहरातल्या चिंचोळ्या, नागमोडी रस्त्यांवर शंभर फेऱ्या आणि जवळपास पावणेतीन तास ही शर्यत चालली. मॉस ३.६ सेकंदांनी पहिले आले. तिन्ही फेरारी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर राहिल्या. मॉस यांचे कौशल्य असामान्य होते, यात शंका नाही. पण कमी ताकदीची गाडी एवढा वेळ पुढे टिकली, त्यामागे भौतिकशास्त्रही होते. ते त्या गाडीत उतरवणारे अभियंते होते लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. बालपण उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात गेले. तिथे वडील एक पब चालवत. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इमारती आणि पुलांच्या बांधणीचे, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. गणिताच्या परीक्षेत अडखळल्याने पदवी थोडी उशिरा हाती आली. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले. त्यांच्या पुढच्या कामावर या दोन्ही शिक्षणांची छाप दिसते. पूल असो की विमान, कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त भार पेलायचा असतो. विमानात तर प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो.

विद्यार्थिदशेत ते एका मित्रासोबत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी गाड्यांसाठीचे पेट्रोलचे रेशन बंद केले आणि हा धंदा एका झटक्यात बसला. न खपलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. चॅपमन यांनी ती सोडवली, तिच्यावर प्लायवूडची हलकी बॉडी चढवली आणि १९४८ मध्ये तिचे नाव ठेवले लोटस. हे काम चालायचे त्यांची मैत्रीण हेझेल विल्यम्स यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९५२ मध्ये लोटस इंजिनीअरिंग ही कंपनी सुरू झाली. तिचे भांडवल होते हेझेल यांनी दिलेले २५ पौंड आणि तिची जागा होती वडिलांच्या पबमागचा जुना तबेला. दोन वर्षांनी दोघांचे लग्न झाले.

मोठे इंजिन विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यामुळे प्रश्न असा होता, की हाताशी असलेल्या छोट्या इंजिनावर मोठ्या गाड्यांना कसे गाठायचे? उत्तर शोधताना चॅपमन यांनी शर्यतीच्या रस्त्याकडे पाहिले. सरळ रस्त्यावर इंजिनाची ताकद उपयोगी पडते. वळणावर मात्र सगळी मदार रस्त्याला टेकलेल्या टायरच्या चार तळहाताएवढ्या भागांवर असते.

याचा हिशेब सोपा आहे. ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. चांगल्या टायरची पकड साधारण गाडीच्या वजनाच्या ९० टक्के धरली, तर त्या वळणावरचा कमाल वेग येतो ताशी सुमारे ७५ किलोमीटर. इंजिन १०० अश्वशक्तीचे असो वा ३०० चे, हा आकडा बदलत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला, तर गाडीला वळणात धरून ठेवायला चौपट बळ लागते. ताकदवान गाडीलाही वळणाआधी तेवढाच वेग कमी करावा लागतो. तोच आकडा ७५ वरून ८० वर नेता आला, तर गाडी प्रत्येक वळणातून अधिक वेगाने बाहेर पडते आणि हा फायदा तिला पुढच्या सरळ रस्त्यावरही मिळतो.

मग पकड वाढवायची कशी? गाडी जड केली तर टायर रस्त्यावर जास्त दाबले जातील, असे कुणालाही वाटेल. पण वजनाबरोबर गाडीला वळवायला लागणारे बळही वाढते. आणि रबराचा स्वभाव असा, की टायरवरचे ओझे दुप्पट केले तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरच्या दोन चाकांवर ओझे वाढते, आतल्या दोन चाकांवरचे कमी होते. बाहेरच्या टायरनी जेवढे कमावले, त्याहून जास्त आतल्या टायरनी गमावलेले असते. गाडी जितकी हलकी आणि तिचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितका हा तोटा कमी.

दुसरी गोष्ट वजनाच्या वाटणीची. एका लांब काठीच्या दोन टोकांना पाण्याने भरलेले तांबे बांधले आणि काठी मध्यभागी धरून फिरवली, तर ती फिरायलाही वेळ घेते आणि थांबायलाही. तेच तांबे मध्याजवळ सरकवले, की काठी चटकन वळते. गाडीचेही तसेच. इंजिनाचे ओझे पुढच्या टोकाला असेल, तर स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेरच्या बाजूला जात राहते. ते मागच्या टोकाला असेल, तर शेपूट बाहेर निसटते. ओझे मध्याजवळ आणि चारही चाकांवर योग्य प्रमाणात असेल, तर गाडी चालकाच्या हाताबरोबर वळते. मॉस यांच्या मोनॅकोतल्या लोटसचे इंजिन असेच चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे होते. फेरारीनेही त्या वर्षी हीच रचना स्वीकारली होती. लोटस त्यांच्याहून हलकी आणि चपळ होती.

तिसरी गोष्ट सांगाड्याची. स्वस्तात गाडी घट्ट बसवण्याचा उपाय म्हणजे कडक स्प्रिंग. पण कडक स्प्रिंगवर चाक खड्ड्यातून उडते, आणि हवेतल्या टायरला पकड नसते. चॅपमन यांनी उलट मार्ग धरला. सांगाडा पिळला न जाणारा करायचा आणि स्प्रिंग मऊ ठेवायच्या, म्हणजे चाक रस्ता सोडत नाही. १९५२ च्या लोटस मार्क सिक्सचा नळ्या जोडून केलेला सांगाडा अवघा २५ किलोचा होता. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ग्राहक सुट्या भागांत घेऊन घरीच जुळवू शकत. त्यात खरेदीकर वाचायचा. फोर्डचे साधे ४० अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या या गाडीने अनेक हौशी चालकांना शर्यतीत उतरवले. त्याच वर्षी दाखवलेल्या एलीट या गाडीचा सांगाडा आणि बॉडी मिळून फायबरग्लासचे एकच कवच होते. तिचे ७५ अश्वशक्तीचे इंजिन मुळात आग विझवण्याच्या पंपासाठी आखलेल्या इंजिनातून विकसित झाले होते. उचलून नेण्याच्या पंपाला हलके इंजिन लागते, तसेच ते गाडीलाही लागत होते.

या विचाराचे रस्त्यावरचे सर्वांत यशस्वी रूप म्हणजे १९६२ ची एलान. तिच्या पोटातून कण्यासारखा पोलादी पत्र्याचा एक सांगाडा जात होता आणि त्यावर फायबरग्लासची बॉडी होती. या गाडीच्या आराखड्यात रॉन हिकमन या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता. वजन ७०० किलोच्या आत, ताकद १०५ अश्वशक्ती. त्याच काळातली जॅग्वार ई-टाइप २६५ अश्वशक्तीची आणि जवळपास दुप्पट वजनाची होती. मोकळ्या सरळ रस्त्यावर जॅग्वार सहज पुढे जायची. पण इंग्लंडच्या खेड्यांतले अरुंद, वळणावळणाचे रस्ते आले, की ती ताकद वापरायला जागाच उरत नसे. एलानला मात्र तिथे थांबावे लागत नसे.

शर्यतींत याचा पुरावा आणखी ठळक मिळाला. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांऐवजी पत्र्याच्या कवचाचा सांगाडा आला आणि स्कॉटलंडचे जिम क्लार्क त्या गाडीवर १९६३ मध्ये जगज्जेते झाले. १९६५ मध्ये त्यांनी पुन्हा विजेतेपद मिळवले. १९६७ मध्ये फोर्डच्या पैशातून तयार झालेले कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन आधी लोटसला मिळाले, पण पुढच्या वर्षापासून इतरांनाही ते विकले जाऊ लागले. लवकरच बहुतेक ब्रिटिश संघ एकाच ताकदीच्या इंजिनावर धावत होते. तरीही १९६८, १९७०, १९७२, १९७३ आणि १९७८ या वर्षी संघांचे विजेतेपद लोटसनेच घेतले. इंजिन समान असताना उरलेला फरक सांगाड्याचा, टायरचा, हवेचा आणि चालकाचा होता.

मात्र या हलकेपणाची किंमतही मोजली गेली. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावात मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. मोनॅकोचा विजय त्यानंतर वर्षभराच्या आतला. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क लोटस चालवताना मरण पावले. चॅपमन यांनी एक जिवलग मित्र गमावला. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये गाडीचे वरचे पंख मोडून संघाच्या दोन्ही गाड्या आदळल्या. त्यांतल्या एका गाडीचे चालक योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून कळवले, की काही थोडे वजन वाढले तरी चालेल, पण कमकुवत भाग मजबूत करा. विश्वास वाटेल अशीच गाडी आपण चालवू शकतो. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात रिंट यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे तपासात दिसले. रस्त्याकडेचा कठडा नीट बसवलेला नसणे हेही मृत्यूचे कारण ठरले. चॅपमन यांच्यावर इटलीत खटला चालला, त्यात ते निर्दोष सुटले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद रिंट यांना मरणोत्तर मिळाले.

प्रत्येक भाग किती पातळ करायचा, हा शेवटी गणिताचा प्रश्न असतो. पण त्या गणितात सुरक्षिततेसाठी किती जास्तीची जागा ठेवायची, हे अभियंत्याला ठरवावे लागते. चॅपमन ती जागा फार कमी ठेवत, अशी टीका त्यांच्या हयातीतही झाली आणि नंतरही होत राहिली.

वजन न वाढवता पकड वाढवण्याचा सर्वांत विलक्षण मार्गही त्यांच्याच संघाने काढला. १९७७ ची लोटस ७८ आणि पुढच्या वर्षीची लोटस ७९ यांच्या दोन्ही बाजूंचे तळ उलट्या विमानपंखासारखे होते. विमानाचा पंख वर उचलतो. हा तळ गाडीला रस्त्याकडे ओढून धरत होता. टायरवरचा दाब वाढला, पण वळवायचे वजन तेवढेच राहिले. मारिओ आंद्रेती १९७८ मध्ये याच गाडीवर जगज्जेते झाले.

अखेरची वर्षे कटकटीची गेली. उत्तर आयर्लंडमधल्या डीलोरियन गाडीच्या विकासाचे काम लोटसने घेतले होते. तो प्रकल्प बुडाला आणि त्यातले पैसे कुठे गेले, याची चौकशी सुरू झाली. ती पूर्ण होण्यापूर्वीच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. ते ५४ वर्षांचे होते. या प्रकरणात लोटसच्या माजी अर्थप्रमुखांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला.

लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्येच केटरहॅम या कंपनीकडे गेले होते आणि तिचा वंश आजही सुरू आहे. एलानचा धडा जपानच्या माझ्दा कंपनीने गिरवला. १९८९ मध्ये आलेली एमएक्स-५ सुमारे ११५ अश्वशक्तीची, साडेनऊशे किलोच्या आसपासची आणि पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे-निम्मे वजन ठेवणारी होती. तिच्या दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. ती एलानपेक्षा अडीचशे किलोंहून अधिक जड होती. त्यातला बराच भार टक्कर झेलणाऱ्या पोलादाचा आणि रोजच्या वापरात टिकणाऱ्या सुट्या भागांचा होता. तोल तोच राहिला. एवढे वजन मात्र अंगावर घेणे भागच होते.